धनपाल अण्णांची राखण

धनपाल अण्णांना आजवर कुणी फसवलेलं नाही. त्यांच्या पत्नी चंदनबाला अक्का याचं कारण असं सांगतात, की फसवायला आधी माणसाचा भरवसा मिळवावा लागतो, आणि तो अण्णांनी लग्न झाल्यापासून कुणालाच दिलेला नाही.

यात अण्णांचा दोष थोडा, त्यांच्या धंद्याचा जास्त. त्यांची उमेदीची सगळी वर्षं सांगलीच्या हळदीच्या बाजारात गेली. एका अडत्याकडे ते माल पारखायच्या कामावर होते. पोत्यात हात घालायचा, मधलं हळकुंड काढायचं, मोडायचं, आतला रंग बघायचा, वास घ्यायचा आणि मगच तोंड उघडायचं. पोत्याच्या तोंडावरचं हळकुंड त्यांनी कधी उचललं नाही. त्यांच्या वडिलांच्या काळी तिथे रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरत. अण्णा आता किराणा दुकानात मोबाईलवरून पैसे देतात, तेव्हा मोबाईलवर रुमाल टाकून त्याखाली पिनचे आकडे दाबतात. दुकानदाराने तोवर पाठ करून उभं राहायचं, हा नियम. एकदा ‘पाण्यातही चालते’ असं खोक्यावर छापलेली बॅटरी त्यांनी विकत घेण्याआधी दुकानदारासमोर बादलीत बुडवली. ती विझली. त्याने मुकाट्याने दुसरी काढून दिली, तर अण्णांनी तीही बुडवली.

कामातून मोकळे होऊन गावी आले, तसा पुण्याच्या मुलाने, अरिहंतने, त्यांना चांगला मोबाईल पाठवला. पारखायला आता हळद नव्हती. अण्णा बातम्या पारखू लागले. शेतीच्या किंवा राजकारणाच्या नव्हेत, त्यासाठी गावात माणसं पुष्कळ आहेत. अण्णांनी तंत्रज्ञानाच्या बातम्या उचलल्या. कुठल्या कंपनीची माहिती चोरीला गेली, कुठला चार्जर तापतो, वस्तू परत घेण्याचा नियम काय आहे, माणसाचा हुबेहूब आवाज काढणारं यंत्र कसं असतं. सकाळी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, दर्शन घेऊन ते बाहेर कट्ट्यावर बसत आणि गावाच्या ग्रुपवर आपल्या आवाजात निरोप टाकत. “नमस्कार, धनपाल बोलतोय” इथपासून सुरुवात होई. मग बातमी, मग तिच्यातलं खरं किती आणि फुगवलेलं किती, आणि शेवटी गावाने काय करावं.

कट्ट्यावर त्यावर चर्चा होई. बाळासोंचं ठाम मत होतं, की मोबाईल आपलं बोलणं ऐकतो. त्यांनी गोठ्यात उभं राहून म्हशीबद्दल बोलायचा अवकाश, की पेंडीची जाहिरात आली. म्हैस विकून वर्ष झालं तरी येतेच आहे.

“म्हंजे ऐकतंय, पर नीट ऐकत न्हाई,” अण्णा म्हणाले.

अण्णांचे निरोप लांब असत, ही मात्र अडचण होती. गावाने त्यावर आपला तोडगा काढला होता. पुढचं सगळं सोडायचं आणि शेवटचं तेवढं ऐकायचं. काय करायचं आणि काय करायचं नाही एवढं कळलं की बास. अण्णांना हे माहीत नव्हतं. मी गावचा जुना मास्तर, पण सांगायचं धाडस माझ्याने कधी झालं नाही.

आषाढात त्यांनी एक बातमी सांगितली. दूरच्या एका मोठ्या शहरात दुरुस्तीला दिलेल्या मोबाईलमधले फोटो दुकानातल्या माणसाने काढून घेतले होते. बातमी खरी होती, अण्णांनी दोन ठिकाणी पडताळून पाहिली होती. मोबाईल दुरुस्तीला देताना काय काळजी घ्यावी, ते त्यांनी व्यवस्थित समजावलं. आणि शेवटी सहज बोलून गेले, की ही गोष्ट लांबची आहे, पण दुकान आपल्या स्टँडवरही आहे, तेव्हा सावध असलेलं बरं.

स्टँडवर दुरुस्तीचं दुकान एकच. संयोगिताचं.

संयोगिता म्हणजे राहीबाईंची सून. नवरा विश्वजीत फौजेत, तिकडे सरहद्दीवर. हिने सांगलीला जाऊन मोबाईल दुरुस्तीचं शिक्षण घेतलं आणि एसटी स्टँडच्या कडेला पत्र्याच्या गाळ्यात दुकान थाटलं. पहिले काही महिने लोक नुसते बघायला येत, बाई मोबाईल उघडते कशी ते. मग कामं येऊ लागली. बायका तर तिच्याकडेच जात. मोबाईल पुरुषाच्या हातात द्यायचा म्हणजे आतले फोटो आधी पुसून टाका, कुणाकुणाचे निरोप काढा, हा व्याप. संयोगितापाशी तो नव्हता. तिचं सगळं दुकान या एका गोष्टीवर उभं होतं, आणि अण्णांच्या शेवटच्या वाक्याने नेमकी तीच काढून घेतली.

कुणी भांडलं नाही, कुणी तिला विचारलंही नाही. येणं तेवढं थांबलं. फुटलेला मोबाईल घेऊन लोक तिच्या दुकानावरून एसटीत चढत आणि सांगलीहून दुरुस्त करून आणत. तिला वाटलं पेरणीचे दिवस आहेत, लोक कामात असतील. पेरण्या झाल्या, भांगलणी झाली, पंचमी झाली, तरी गाळ्यापुढे कुणी फिरकेना. शेवटी कुणीतरी तिला तो निरोप ऐकवला.

तिचा भाऊ जयराज शिरवळला एका कारखान्यात आहे. त्याने तिच्यासाठी तिथे काम बघितलं. दसऱ्याच्या आत हजर व्हायचं होतं. म्हणजे दुकान बंद करायचं, शिरवळला खोली घ्यायची, आणि राहीबाईंना गावात एकटं ठेवायचं. राहीबाईंचे गुडघे असे, की त्यांना उंबरा ओलांडायलाही कुणाचा तरी खांदा लागतो. त्या शिरवळला यायला तयार नव्हत्या, आणि सुनेला जाऊ नको म्हणायलाही तयार नव्हत्या. रोज संध्याकाळी दोघी एकमेकींशी याशिवाय बाकी सगळं बोलत.

अण्णांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. कळलं ते भाद्रपदात, पर्युषणाच्या उपवासांत, आणि तेही घरातच. चंदनबाला अक्कांचा मोबाईल चालेना. अण्णा म्हणाले, स्टँडवर दे की संयोगिताकडे. अक्का म्हणाल्या, तिच्याकडं आता कोन जातंय.

“का? काय झालं?”

“आता मला इच्यारताय? तुमीच न्हवं का सांगितलं गावाला?”

अण्णांनी स्वतःचाच जुना निरोप काढून ऐकला. पहिल्यापासून ऐकला, तेव्हा त्यांना त्यात काही वावगं दिसलं नाही. मग अक्कांनी मोबाईल हातात घेऊन शेवटचं तेवढंच लावलं. ते ऐकून अण्णा उठले आणि परड्यात जाऊन उभे राहिले. आपल्या संसारात एवढा वेळ ते गप्प राहिल्याचं आठवत नाही, असं अक्का नंतर आमच्या घरी येऊन सांगून गेल्या.

पर्युषण संपलं की जैनांमध्ये क्षमावणी असते. वर्षभरात कळत नकळत कुणाला दुखावलं असेल तर हात जोडून क्षमा मागायची, आणि मागणाऱ्याला द्यायची. हल्ली ती मोबाईलवरच उरकते. जोडलेल्या हातांचं एक चित्र आलं की आपणही तेच पुढे पाठवायचं. अण्णांना हे कधी पटलं नाही. कुणाचा काय अपराध केला ते न सांगता क्षमा मागणं म्हणजे पोतं न उघडता भाव बोलणं, असं त्यांचं म्हणणं. त्या वर्षी त्यांनी ठरवलं, जसं चारचौघांत बोललो तशीच क्षमाही चारचौघांत मागायची.

पर्युषणातल्या प्रवचनांसाठी बस्तीवर कर्णा लावलेला होता. तो अजून उतरवला नव्हता. सकाळी पूजा झाल्यावर अण्णांनी माईक मागून घेतला. मी तेव्हा आमच्या ओट्यावर बसलो होतो, आणि आमचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे. तिथवर स्वच्छ ऐकू आलं. त्यांनी आपलं नाव सांगितलं, संयोगिताचं नाव सांगितलं, ती कुणाची सून तेही सांगितलं. मग म्हणाले, ही बाई लोकांच्या मोबाईलमधले फोटो चोरते अशी जी कुजबुज गावात आहे, ती माझ्या बोलण्याने झाली, तिला कसलाही आधार नाही, मी तिची क्षमा मागतो.

आमच्या शेजारच्या मनुबाई अंगणात पाटी घेऊन निघाल्या होत्या. त्या थांबल्या. “गुरुजी, कोन फोटू चोरतंय म्हनाले?”

त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. त्या ग्रुपवर नव्हत्या. गावातली निम्मी माणसं ग्रुपवर नव्हती. आता सगळ्यांना कळलं होतं. मळ्यातल्या वस्तीवरही, कारण वारा त्या बाजूला होता.

मला राहवेना. मी स्टँडवर गेलो. माझ्या पाठोपाठ अण्णाही आले, नवीन धोतर नेसून, मनावरचं ओझं उतरल्यासारखे. संयोगिता गाळ्यातलं सामान खोक्यात भरत होती. अण्णांनी पायरीवर उभं राहून हात जोडले.

तिने जोडलेल्या हातांकडे बघितलं आणि हातातलं खोकं खाली ठेवलं. ती ओरडली नाही.

“आवं अण्णा, बदनामी केलासा ती शंभर मानसांत केलासा. माफी मागितलासा ती हजारांत.”

अण्णांचे हात तसेच राहिले. आपण काय केलं ते त्यांना तेव्हा उमगलं. उमगलेलं चेहऱ्यावर कसं येतं ते मी वर्गात पुष्कळदा पाहिलं आहे, पण सत्तरीच्या माणसाच्या चेहऱ्यावर ते बघवत नाही. ते म्हणाले, परत एकदा माईकवरून सांगतो, नीट सांगतो. ती म्हणाली, नको. तुमच्या पाया पडते, आता काही सांगू नका. ग्रुपवर टाकतो म्हणाले, तर तिने नुसतीच मान हलवली. मग काय करू ते तूच सांग, असं त्यांनी विचारलं.

ती खरोखरच दमली होती. उपरोधानेच बोलली असणार.

“राखणीला बसा हितं. चोरी हुतीया म्हनताय न्हवं, मग राखा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दर्शन झाल्यावर अण्णा घरातली खुर्ची डोक्यावर घेऊन स्टँडवर आले. गाळ्याच्या तोंडाशी ती मांडली, रुमालाने पुसली आणि बसले.

संयोगिताला कळेना हसावं की रडावं. वडीलधाऱ्या माणसाला ऊठ कसं म्हणायचं? पहिले दिवस दोघं एकमेकांशी फारसं बोलली नाहीत. ती दसऱ्यापर्यंत जेमतेम दुकान उघडं ठेवणार होती, ते उघडं होतं एवढंच. अण्णा पेपर वाचत. मग त्यांनी अक्कांचा मोबाईल आणला. ती टेबलाशी बसून उघडू लागली, तर अण्णा म्हणाले, टेबल आत कशाला, इकडे पुढे उजेडात आण, ज्याचा मोबाईल आहे त्याला दिसू दे काय चाललंय ते. तिने रागातच टेबल ओढलं. काय बिघडलंय, काय बदलणार, नवीन भाग कुठल्या कंपनीचा, टिकला नाही तर किती दिवसांत बदलून देणार, हे सगळं त्यांनी विचारलं. तिने सगळ्याची उत्तरं दिली. काम झाल्यावर त्यांनी बिल मागितलं.

“घरच्यागत मानसाला बिल काय द्यायचं, अण्णा?”

“घरच्यागत मानूस मागतंय तर दे.”

आणि काढलेला जुना भाग? तो टोपलीत टाकला होता. अण्णांनी तो परत मागून घेतला, कारण तो अक्कांचा होता.

हे सगळं स्टँडवर चाललेलं. एसटीची वाट बघणाऱ्यांना दुसरं काम नसतं. गावातला सगळ्यात संशयी माणूस गाळ्याच्या तोंडाशी बसून आत डोळे लावून बघतोय, ही गोष्ट सांगलीच्या गाडीतून गावोगाव गेली. तरी दुकानात कुणी येईना. लोक बघत आणि गाडीत चढत.

आली ती बनुबाई. दूध घालून डेअरीवरून येत होती. तिचा मोबाईल चार्ज होत नव्हता आणि सांगलीला जायला तिला सवड नव्हती. ती अण्णांपाशी थांबली. आवाज बारीक करून विचारलं, पण बनुबाईचा बारीक आवाज पलीकडच्या उसाच्या रसाच्या गाड्यावरही ऐकू जातो.

“अण्णा, लय दिस बसलाय. गावलं का काय?”

मी तिथेच होतो. कुठलाही शहाणा माणूस म्हणाला असता, अगं छे, पोरगी सोन्यासारखी आहे, बिनधास्त दे. अण्णांनी तसं म्हणायला हवं होतं. संयोगिताचा हातातला स्क्रू ड्रायव्हर तसाच थांबला होता.

“अजून तरी न्हाई,” अण्णा म्हणाले. “गावलं की सांगतो.”

संयोगिताने डोळे मिटून घेतले. मीही मान खाली घातली. बनुबाईने मात्र पदराखालून मोबाईल काढला आणि टेबलावर ठेवला.

“मग तवर ह्येचं बघ गं जरा.”

मी पुष्कळ वर्षं मुलांना चालचलणुकीचे दाखले लिहून दिले. ‘वर्तणूक उत्तम’ असं लिहायची पद्धत असते, ते कुणी वाचत नाही. अण्णांनी दिलेला दाखला गावाने ताबडतोब वाचला. धनपाल अण्णा इतके दिवस बसलेत आणि त्यांना काही सापडलेलं नाही, एवढं गावाला पुरलं. बनुबाईचा मोबाईल तिच्यासमोर उघडून, साफ करून, तिच्याच हातात परत गेला. त्या दिवशी दुपारी डेअरीवरच्या आणखी दोघी आल्या. मग मनुबाई आल्या. त्यांच्याकडे मोबाईल नव्हता, त्या नुसत्या बघायला आल्या, पण दुसऱ्या दिवशी मुलाचा घेऊन आल्या.

अण्णांचा जाच काही कमी नव्हता. गिऱ्हाईक आलं की ते संयोगिताच्या आधी बोलत. सिम काढून खिशात ठेवा. कार्ड असेल तर तेही काढा. पासवर्ड कुणाला सांगू नका, तिलाही नको, लागला तर तुमच्या हाताने टाका. बिल घ्या. जुना भाग मागून घ्या. बाळासोंनी बदललेली फुटकी काच घरी नेली आणि देवळीत ठेवली, आता तिचं करायचं काय असं ते विचारत होते. अण्णा म्हणाले, ते तुमचं तुमी बगा, पर हक्क तुमचा हाय. संयोगिता एकदा वैतागून मला म्हणाली, की गुरुजी, ह्यांना दुसरं कुठलं दुकान न्हाई का राखायला. पण दुपारी अण्णा जेवायला घरी गेले की तिचं लक्ष रस्त्याकडे असे, आणि रिकाम्या खुर्चीवर ती दुसऱ्या कुणाला बसू देत नसे.

घटस्थापना झाली. दसऱ्याच्या अलीकडे जयराज शिरवळहून आला. बहिणीचं सामान न्यायला त्याने मित्राचा टेम्पो आणला होता. स्टँडवर उतरून बघतो तर गाळ्यापुढे चौघीजणी उभ्या, आत बहीण खाली मान घालून काम करतेय, आणि तोंडाशी खुर्चीत एक म्हातारा, जो त्याला सांगतोय की रांगेत या. आपण भाऊ आहोत असं त्याने म्हटल्यावर अण्णांनी त्याचंही सिम काढायला लावलं असतं, पण संयोगिताने वर बघितलं.

जयराज म्हणाला, आवर लवकर, अंधाराच्या आत पोचायचं आहे, खोलीवाला वाट बघतोय. तिथल्या साहेबाला शब्द दिलाय.

अण्णांनी पेपर दुमडला. ते उभे राहिले, पुन्हा बसले. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. संयोगिता टेबलावरच्या मोबाईलचं मागचं झाकण बसवत होती. ते कट्ट दिशी बसल्यावर ती म्हणाली,

“न्हाई येत मी, दादा. हितं काम हाय.”

“पक्कं का?”

“पक्कं. साहेबाला तूच सांग. आन् माझ्यापायी तुला बोलनं खावं लागलं तर मला शिव्या घाल, पर म्हातारीला सोडून मी कुटं जात न्हाई.”

जयराजने तिच्याकडे बघितलं, बायकांकडे बघितलं, आणि त्याच्या खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखं दिसलं. त्यालाही तिला न्यायचं नव्हतं, हे तेव्हा कळलं. त्याने बाहेर जाऊन टेम्पोवाल्याला चहा पाजला आणि मग राहीबाईंना सांगायला घरी गेला. राहीबाई त्या दिवशी खांद्याशिवाय उंबऱ्यापर्यंत आल्या, असं तो सांगत होता. मला ते खरं वाटत नाही, पण त्याला वाटलं असेल.

अण्णा खुर्ची तिथेच ठेवून ऊन कलायच्या आत घरी निघाले. मीही सोबत होतो. वाटेत ते तंत्रज्ञानाबद्दल एक शब्दही बोलले नाहीत, उसाला तुरा लवकर येणार यंदा, एवढंच म्हणाले. दारात त्यांनी चपला काढल्या आणि आत बघून विचारलं, सूर्य मावळायच्या आत काही खायला होईल का.

चंदनबाला अक्का स्वयंपाकघराच्या दारात आल्या आणि काही न विचारता चूल पेटवायला वळल्या. मी ओट्यावर टेकलो. भाकरी थापल्याचा आवाज येऊ लागला. अण्णा हातपाय धुवायला मागे गेले, तेव्हा अक्का परात घेऊन बाहेर डोकावल्या आणि हळूच म्हणाल्या, की गुरुजी, पर्युषणात ह्यांनी दिवसातून एकदाच जेवायचं धरलं होतं, ते पर्युषण संपलं तरी आजपर्यंत सोडलं नव्हतं. तोंडानं केलं ते तोंडानंच फेडायचं, म्हणत होते. कुणाला सांगायचं नाही अशी ताकीद होती.

अण्णा पंच्याला हात पुसत आले. अक्का आत गेल्या. ताट वाढलं गेलं, आणि पहिली भाकरी संपायच्या आत अण्णांनी दुसरी मागितली.